अशक्त पिल्लू : आधी ऊब, मग दूध

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज कुत्र्याच्या पिल्लावर काय बोलणार, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतो आहे. कारण सांगतो. आपल्याकडे गल्लीतल्या कुत्र्या बऱ्याचदा थंडीच्या दिवसांत व्यायतात. जिन्याखाली, वाळूच्या ढिगाशेजारी पाच-सहा पिल्लं दिसतात. त्यातलं एखादं अगदी लहान, बाजूला पडलेलं असतं. मग कोणीतरी म्हणतं, "राहू द्या हो, निसर्गाचा नियम आहे, कमजोर पिल्लू जगत नाही." या वाक्यात दोन चुका आहेत. एक तर्काची, एक शरीरशास्त्राची.

तर्काची चूक थोडक्यात सांगतो. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७३९-४० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक मुद्दा मांडला होता. 'असं असतं' यावरून 'असंच असायला हवं' हे आपोआप निघत नाही, असा तो मुद्दा. तापानं माणसं मरत आलेली आहेत, म्हणून आपण ताप उतरवायचा सोडत नाही. तेव्हा निसर्गाचा नियम पुढे करून आपली जबाबदारी संपत नाही.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. 'कमजोर' हा शब्द आपण त्या पिल्लाचा स्वभाव असल्यासारखा वापरतो. पुष्कळ वेळा ती फक्त त्याची त्या घटकेची अवस्था असते, आणि अवस्था बदलता येते.

कशी, ते बघा. नवजात पिल्लाला स्वतःच्या शरीराची उष्णता राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला थंडीनं कुडकुडताही येत नाही. अंगावर चरबी नाही, यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा. भावंडांच्या गराड्यातून ते जरा बाजूला पडलं की गार होतं. गार झालं की चोखायची ताकद जाते. दूध पोटात गेलं नाही की रक्तातली साखर उतरते. साखर उतरली की ते आणखी गार होतं. असं हे चक्र आहे. त्यात भर म्हणजे गार पडलेल्या पिल्लाला आईसुद्धा कधीकधी दूर सारते. आपण म्हणतो, "बघा, आईनंच टाकलं." पण तेच पिल्लू उबदार करून परत ठेवलं की अनेकदा तीच आई त्याला चाटते, जवळ घेते.

आता आपण काय करतो? दया येते, धावत वाटीत दूध आणतो आणि ड्रॉपरनं तोंडात सोडतो. हेतू चांगला, क्रम चुकीचा. पिल्लाच्या शरीराचं तापमान साधारण ३४.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की आतड्यांची हालचाल मंदावते, जवळजवळ थांबते. दूध पचत नाही, आत साचून राहतं. नीट गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. म्हणून क्रम पाठ करा: आधी ऊब, मग साखर, मग दूध.

ऊब द्यायची ती हळूहळू, तास-दोन तास घेऊन. सर्वांत सोपं म्हणजे पिल्लू आपल्या अंगाशी, कपड्याच्या आत धरून बसायचं. नाहीतर पुठ्ठ्याचं खोकं घ्या, जुन्या सुती कपड्याचे थर घाला, आणि गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. एकाच बाजूला का? जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा हवी. हेअर ड्रायरचा झोत, उकळत्या पाण्याची उघडी बाटली, हे नको, कातडी भाजते. पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा २९ ते ३२ अंश असावी. पिल्लाचं स्वतःचं तापमान या काळात ३५ ते ३७ अंश असतं. मोठ्या कुत्र्याचं ३८ ते ३९ असतं, त्याच्याशी तुलना करू नका.

ऊब देता देता ग्लुकोजचं पाणी बोटाच्या टोकावर घेऊन हिरड्यांना चोळा. थेंबभरच. ओतायचं नाही.

अंग गरम झालं, तोंडात बोट दिल्यावर ते चोखू लागलं, म्हणजे दुधाची वेळ झाली. आई जवळ असेल तर पहिला हक्क आईच्या दुधाचा. धष्टपुष्ट भावंडं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि या लहानग्याला सडाला लावा. पहिल्या दिवसाचा चीक तर अमूल्य. आजारांशी लढणारी बहुतेक प्रतिपिंडं पिल्लाला त्यातूनच मिळतात, आणि ती शोषून घ्यायची आतड्यांची क्षमता जन्मानंतर साधारण २४ तासांत संपते.

आई नसेल तर पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणा. गाईचं दूध का नको? कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात, आणि दुग्धशर्करा कमी. नुसत्या गाईच्या दुधानं पोट भरतं, पोषण होत नाही, वर जुलाब लागतात. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं पाजायचं. सुरुवातीला १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी तीन-चार मिलिलिटर पुरे. पिल्लू पोटावर पालथं हवं, जसं ते आईजवळ पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीही धरू नका. नाकातून दूध आलं तर थांबा. टाळू दुभंगलेली असू शकते, ती डॉक्टरांनी बघायला हवी.

आणखी एक काम आई चाटून करते, ते आपल्या लक्षात येत नाही. पहिले तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू नीट होत नाही. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं खालची बाजू हलकेच पुसत राहायचं.

हे सगळं जमतंय की नाही, हे कशावरून ठरवायचं? माया मोजता येत नाही, वजन मोजता येतं. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, रोज ठरावीक वेळी वजन करा, वहीत लिहा. पहिला दिवस सोडला तर वजन रोज वाढलं पाहिजे, जन्मवजनाच्या साधारण ५ ते १० टक्के. दहा-बारा दिवसांत ते दुप्पट व्हावं. वजन थांबलं, उतरलं, पिल्लू सारखं विव्हळू लागलं किंवा लुळं पडलं, तर सकाळची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे जा.

एक सावधगिरी. रस्त्यावर पिल्लं दिसली की लगेच उचलून आणू नका. आई बहुधा खाणं शोधायला गेलेली असते. लांबून लक्ष ठेवा. पिल्लं उबदार आणि शांत असतील तर थांबा. एखादं गार पडलं असेल तर मात्र थांबू नका.

आणि हेही सांगितलं पाहिजे, की काही पिल्लं सगळं नीट करूनही जात नाहीत का? जातात. कोणाचं हृदय जन्मतः सदोष असतं, कोणाला जंतुसंसर्ग असतो. घरात मुलं असतील तर त्यांना हे आधीच सांगा, म्हणजे ती स्वतःला दोष देणार नाहीत. पण कोणतं पिल्लू आतूनच आजारी आहे आणि कोणतं नुसतं गारठलंय, हे बघून कळत नाही. ऊब देऊन पाहिल्यावरच कळतं. म्हणून 'हे जगणार नाही' हा निष्कर्ष काढायचाच असेल, तर तो पिल्लू गरम झाल्यावर काढा.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.