दम कशाने लागतो?

दिवसाचे २१,६०० श्वास, असा हिशेब आपल्याकडच्या योगग्रंथांत जुन्या काळापासून सांगितला आहे. म्हणजे मिनिटाला १५. निरोगी माणूस शांत बसलेला असताना डॉक्टर मोजतात तेव्हा साधारण १२ ते १८ भरतात. जुना हिशेब बराच जमला म्हणायचा. पण यातले किती श्वास आपण आठवणीने घेतो? जवळजवळ एकही नाही. मग झोपेत, गप्पांत, शेतात निंदण करताना हे काम पाहतं कोण?

मेंदू खाली निमुळता होत मज्जारज्जूला मिळतो, तिथे लंबमज्जा नावाचा भाग आहे. तिथल्या चेतापेशी ठरावीक तालात हुकूम सोडतात. तो मानेतून निघणाऱ्या चेतांवाटे श्वासपटलाला पोहोचतो. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटासारखा स्नायू खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते आणि हवा आत येते. स्नायू सैल पडले की ती बाहेर जाते. बोलताना, गाताना, बुडी मारताना हा कारभार आपण थोडा वेळ हातात घेऊ शकतो. मात्र थोडाच वेळ. मग असा दम लागतो की श्वास घ्यावाच लागतो.

हा दम कशाने लागतो, असं मी मुलांना विचारतो तेव्हा एका सुरात उत्तर येतं, "प्राणवायू कमी पडतो म्हणून!" आपल्यालाही तसंच वाटतं. पण खरं कारण वेगळं आहे. १९०५ मध्ये हाल्डेन आणि प्रीस्टली या इंग्लंडमधल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, फुफ्फुसांतल्या हवेत कार्बन डायऑक्साईड अवघा ०.२ ते ०.३ टक्क्यांनी वाढला तरी श्वसन दुप्पट होतं. रक्तात हा वायू साठला की आम्लता वाढते, लंबमज्जेजवळच्या पेशींना ती लगेच कळते आणि धोक्याची घंटा वाजते. म्हणजे दम लागतो तो मुख्यतः आत साठलेल्या वायूमुळे. प्राणवायूवर लक्ष ठेवणारे पहारेकरीही आहेत. ते मानेतल्या मोठ्या रोहिणीजवळ असतात. त्यांच्या शोधासाठी बेल्जियमच्या हेमान्स यांना १९३८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पण प्राणवायू बराच खाली गेल्याशिवाय हे पहारेकरी मोठ्याने ओरडत नाहीत.

ही माहिती पुस्तकात ठेवण्यासारखी नाही, कारण तिचा संबंध आपल्या विहिरींशी आहे. आमच्या धाड परिसरात काय किंवा तुमच्या गावात काय, उन्हाळ्यात पोरं विहिरीवर जमतात. तळाची माती आणायची, पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो ते पाहायचं, अशा पैजा लागतात. एखादा हुशार गडी बुडी मारण्याआधी दहा-वीस वेळा जोरजोरात श्वास घेतो. त्याला वाटतं, प्राणवायूचा साठा झाला. पण निरोगी माणसाचं रक्त प्राणवायूने आधीच जवळजवळ भरलेलं असतं, त्यात फारशी भर पडत नाही. बाहेर जातो तो कार्बन डायऑक्साईड. म्हणजे घंटाच काढून ठेवल्यासारखं झालं! पाण्याखाली प्राणवायू संपत जातो, दम मात्र लागत नाही. पोरगा खुशीत असतानाच बेशुद्ध होतो आणि काठावरचे मित्र मोठ्याने आकडे मोजत राहतात. उत्तम पोहणाऱ्यालाही हा धोका आहे.

मग प्राणायामाचं काय, असं कुणी विचारेल. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनी प्राणायामातले वायू प्रयोगशाळेत मोजले होते. प्राणायामाने शरीरात खूप जास्त प्राणवायू जातो, हा समज त्यांनी स्वतःच खोडून काढला. त्याचं मोल त्यांना श्वासावरच्या संयमात आणि मज्जासंस्थेवरच्या परिणामात दिसलं. तेव्हा कपालभाती करायची ती जमिनीवर बसून, विहिरीच्या काठावर बुडी मारण्याआधी नव्हे.

दुसरा धोका कोरड्या किंवा बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीचा. पालापाचोळा कुजून तिथला प्राणवायू संपतो. कार्बन डायऑक्साईड तळाशी साठला असेल तर धाप लागते, डोकं दुखतं. पण तो फार असला तर वर येण्याइतकाही वेळ मिळत नाही. नुसताच प्राणवायू कमी असेल तर घंटा जवळजवळ वाजतच नाही. विहिरीत उतरवलेल्या डिझेल इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड तर त्याहून कपटी. त्याला वास नाही आणि त्याने दमही लागत नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. तो विझला तर उतरायचं नाही, हे खरंच. पण जळत राहिला म्हणून हवा चांगली, असं मात्र नाही. शिवाय पेट घेणारा वायू असेल तर भडका उडायचा.

एक माणूस आत पडला की भाऊ धावतो, भावामागे शेजारी, आणि एकाच विहिरीत तीन-चार जीव जातात. त्यांच्या धैर्यात काही कमी नसते. शरीराने इशारा दिला नाही, एवढंच. म्हणून मागोमाग उतरू नका. ११२ ला फोन करा, वरून पंख्याने हवा सोडा. उतरणाऱ्याने वेगळी हवा पुरवणारा मुखवटा लावावा, कमरेला दोर बांधावा. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं तिथेच सुरू करा, १०८ ची गाडी येईपर्यंत थांबू नका. प्राणवायूविना चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते.

आणि पोरांना पोहायला जरूर पाठवा. फक्त दोन गोष्टी बजावा. बुडीआधी जोरजोरात श्वास घ्यायचे नाहीत आणि श्वास कोंडण्याची पैज लावायची नाही.