होळी ते पाडवा: हार-कंगनाचे पंधरा दिवस

होळी आठवड्यावर आली की जळगावच्या पिंप्राळ्यात किराणा दुकानांच्या दारांत आणि हातगाड्यांवर साखरेचे हार-कंगन झुलू लागतात. पांढरे, गुलाबी, पिवळे. वर्षभर तऱ्हेतऱ्हेची चॉकलेटं खाणारी पोरंही या दिवसांत कंगनासाठी हटून बसतात. खरं तर त्यात साखरेशिवाय काही नाही. ना खवा, ना सुकामेवा. मग ही ओढ टिकली कशी?

आधी हा हार बनतो कसा, ते पाहण्यासारखं आहे. साखरेच्या उकळत्या पाकात थोडं दूध सोडलं की मळी वर येते, ती काढून टाकतात. पाक पक्का झाला की तो घोटतात आणि कारागिराची कसोटी इथेच लागते. घोटल्याने साखरेचे बारीक कण धरतात आणि काचेसारखा पाक पांढराशुभ्र होतो. घोटणं कमी पडलं तर हार नीट धरत नाही, जास्त झालं तर पाक भांड्यातच बसतो. लाकडी साच्यात दोरा आधीच ताणलेला असतो. वरून पाकाची धार सोडली की काही मिनिटांत साचा उघडतो आणि पदकांचा अख्खा हार दोऱ्यासकट बाहेर येतो.

हे काम याच दिवसांत होतं, त्याला हवाही कारण आहे. साखर ओलावा ओढून घेते. फाल्गुनात खान्देशची हवा खडखडीत कोरडी असते, म्हणून हार उघड्यावर टांगला तरी कडक राहतो. पिंप्राळ्याचा मोठा दिवस आषाढी एकादशीचा, रथोत्सवाचा. पण त्या पावसाळी हवेत हाच हार चिकट होऊन जाईल. चॉकलेटचं उलट. त्यातलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे जळगावच्या उन्हात ते हातातच विरघळतं. हाराला ऊन बाधत नाही.

ब्रिटनमध्ये अशीच ओढ ईस्टरच्या क्रीम एगची आहे. फ्राय कंपनीने १९६३ साली ते बाजारात आणलं, १९७१पासून ते कॅडबरीच्या नावाने विकलं जातं. नवं वर्ष लागल्यापासून ईस्टरपर्यंतच ते मिळतं. चॉकलेटच्या कवचात असतो तोही घोटलेला साखरेचा पाकच, फक्त मऊ ठेवलेला. ईस्टरही वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. २०२४मध्ये होळी २४ मार्चला होती आणि ईस्टर ३१ला. पण तिथला हंगाम कंपनी ठरवते. तिने मनात आणलं तर ते अंडं बारा महिने विकता येईल.

हाराचं तसं नाही, आणि माझ्या मते त्याचं खरं बळ चवीत नसून देण्यात आहे. स्वतःसाठी हार विकत घेणारं मोठं माणूस मी पाहिलेलं नाही. तो आजी नातवाला देते, मामा भाच्याला, शेजारीण शेजारच्या तान्ह्या बाळाला. ज्या बाळाची पहिलीच होळी असते, त्याच्या गळ्यात इतके हार पडतात की आईला ते एकेक करून उतरवून ठेवावे लागतात. थोडं मोठं झालेलं पोर मनगटातलं कंगन दिवसभर चाटतं, बाही चिकट करून घेतं, आणि आई त्या दिवशी रागावत नाही.

पाडव्याला एक हार गुढीला चढतो. बाकीचे फोडून डब्यात जातात आणि उन्हाळाभर लिंबाच्या सरबतात पडतात.