जाळे राखणाऱ्याचे म्हणणे

‘सर्व्हर डाऊन आहे’ या वाक्याचा अर्थ आज हिंगोली जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत यांपैकी कोणत्याही तालुक्यातील सेवा केंद्रात सातबाऱ्यासाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानांवर ते कधी ना कधी पडलेले असते. पूर्वी अशा वेळी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असे सांगण्याचा रिवाज होता. साहेब निदान संध्याकाळपर्यंत परतत असत.

गंमत अशी, की हे वाक्य पुष्कळदा खरेही नसते. सर्व्हर म्हणजे माहिती साठवून ठेवणारे आणि मागेल त्याला ती देणारे मोठे यंत्र. ते मुंबईत वा पुण्यात बहुधा सुखरूप उभे असते. पडलेली असते ती वाट. तालुक्याच्या ठिकाणाहून गावाकडे गेलेली काचतंतूची केबल कोठेतरी तुटलेली असते, ग्रामपंचायतीच्या खोलीतील बॅटरी उतरलेली असते, किंवा कपाटामागचा एखादा स्विच उन्हाळ्याच्या तापाने दगावलेला असतो. या वाटेची राखण करणे हा ज्याचा व्यवसाय, त्याला नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. हा माणूस दिसत नाही. सर्व सुरळीत असेल तेव्हा तो काय करतो हे कोणाला ठाऊक नसते, आणि काही बिघडले की तो काहीच करत नाही अशी सर्वांची खात्री होते. संगणकाच्या जगात रोज नव्या घोषणा होत असताना या माणसाच्या नजरेतून त्या घोषणांकडे पाहिले, तर त्यांचे मोल थोडे निराळे दिसू लागते.

त्याच्या हत्यारापासूनच आरंभ करावा. आजही अडचण उद्भवली की तो सर्वप्रथम जी आज्ञा संगणकाला देतो ती ‘पिंग’ची. माइक मूस नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने १९८३च्या डिसेंबरात एका संध्याकाळच्या बैठकीत हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीचा ठाव घेण्यासाठी पाण्यात ध्वनी सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी येण्याची वाट पाहतात, त्यावरून हे नाव पडले. अमुक यंत्राला हाक मारावयाची, ‘ओ’ येते की नाही हे पाहावयाचे, आणि येत असेल तर किती वेळाने येते ते मोजावयाचे, एवढेच त्याचे काम. चाळीस वर्षांत कित्येक महागडी साधने आली, भिंतीएवढ्या पडद्यावर हिरवे-तांबडे दिवे दाखवणारी आली. पण पडद्यावर सारे हिरवे असताना सेनगावच्या एखाद्या खेड्यात कामकाज ठप्प असू शकते, हे जाळे राखणारा अनुभवाने जाणतो. म्हणून त्याची पहिली मागणी नव्या साधनाची नसते. जाळ्याचा अद्ययावत नकाशा, कोणता बदल कोणी केव्हा केला याची वही, आणि वेळेवर हाताशी येणारे दोन-चार सुटे भाग यांची असते. या वस्तूंच्या जाहिराती निघत नाहीत.

केबल कशी टाकली हा प्रश्न तर त्याहून मूलभूत आहे, आणि तो समजण्यासाठी हिंगोलीच्या माणसाला संगणकशास्त्र शिकण्याची गरज नाही. पूर्णा प्रकल्पाचे सिद्धेश्वर धरण याच जिल्ह्यात आहे. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याचे पाणी आणि शेवटच्या टोकाला असलेल्याचे पाणी यांत काय अंतर असते, हे येथील शेतकऱ्याला ठाऊक आहे. मध्ये कोठे कालवा फुटला, की त्यापुढचे सारे कोरडे. देशातील ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११मध्ये मंजूर केली, आणि पुढे तिला ‘भारतनेट’ असे नाव मिळाले. तिच्या आरंभीच्या टप्प्यांत जाळ्याची रचना नेमकी या कालव्यासारखी होती. तालुक्याहून एक रेघ निघावयाची आणि गावामागून गाव जोडत जावयाची. डिसेंबर २०१७पर्यंत एक लाख ग्रामपंचायती जोडल्याचे जाहीर झाले. जोडणे आणि जोडलेले राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मात्र कागदावर दिसण्यास वेळ लागला. रस्त्याचे रुंदीकरण निघाले, नळयोजनेचे चर खणले गेले, की जेसीबीच्या एका फटकाऱ्यासरशी रेघेवरची पुढची सारी गावे अंधारात. उंदीर केबल कुरतडतात, तो प्रकार वेगळाच.

या कामातील कोणताही अनुभवी माणूस पहिल्या दिवशीच सांगू शकला असता, की जाळे रेघेसारखे न विणता कड्यासारखे विणावे, म्हणजे एका बाजूने वाट तुटली तरी दुसऱ्या बाजूने माहिती फिरून येते. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट योजनेस मान्यता दिली तेव्हा तिच्यात हीच कड्याची रचना आली, आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही आली. रक्कम १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये. शहाणपण उशिरा सुचले तरी ते शहाणपणच, हे मान्य करावयास हवे. तथापि साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायतींच्या या जिल्ह्याच्या दृष्टीने त्या आकड्यातील खरा महत्त्वाचा शब्द ‘देखभाल’ हा आहे. केबल पुरण्याचे काम फोटोसाठी चांगले असते. ती तुटल्यावर भर पावसात सांधण्यासाठी कोण जाणार, त्याला जीप कोण देणार, त्याचा पगार वेळेवर कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे निविदेच्या मागच्या पानांवर असतात आणि तेथेच राहतात.

यात काय पणाला लागते हे शेतकऱ्याच्या बाजूने पाहावे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या पिकाचे छायाचित्र आपल्याच मोबाइलवरून पाठवावे आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हावी, ही कल्पना चांगली आहे. सोयाबीन वा हळद लावलेल्या शेतात उभे राहून मुदतीच्या आत नोंद गेली नाही, तर नुकसानभरपाईच्या वेळी आणि हमीभावाच्या खरेदीत त्याच कोऱ्या रकान्याकडे बोट दाखवले जाते. मुदतवाढ मिळते, अनेकदा मिळालेलीही आहे. पण मुदतवाढ ही दुरुस्ती नव्हे. कागदी व्यवस्थेत तलाठ्याच्या मागे फिरावे लागे, हे खरे. नव्या व्यवस्थेत कोणाच्या मागे फिरावे हेच कळत नाही.

आता उद्योगातील वाऱ्यांकडे वळू. पहिला वारा मध्यवर्ती हाताळणीचा. हजारो यंत्रे एका ठिकाणाहून, एका आज्ञेने सुधारावयाची. जाळे राखणाऱ्याला याचा मोह पडणे स्वाभाविक आहे, कारण त्याची पायपीट वाचते. पण १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या प्रोग्रामात पाठवलेली एक सदोष सुधारणा जगभर पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक कोलमडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. बिघाड काही तासांत कळला, पण निस्तरताना कित्येक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी माणूस जाऊन बसावा लागला. एका आज्ञेने बिघडते, ते एका आज्ञेने सुधारतेच असे नाही. म्हणून नवी सुधारणा आधी पाच यंत्रांवर, मग पन्नासांवर आणि त्यानंतर सर्वत्र, हा जुना सावध क्रम त्याला प्रिय असतो. वरिष्ठ त्याला आळस म्हणतात.

दुसरा वारा भाडेपट्टीचा. पूर्वी प्रोग्राम विकत घेतला की तो आपला होई. आता दरवर्षी भाडे भरावयाचे. एका यंत्रात अनेक यंत्रांचे काम करवून घेणारे व्हीएमवेअरचे साधन जगभरच्या कार्यालयांत रुळलेले होते. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये ती कंपनी घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून सारा व्यवहार वर्गणीवर नेला. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यंत्र धडधाकट असले तरी नव्या प्रणालीच्या अटींत न बसणारे संगणक त्या दिवसापासून धोक्याच्या यादीत गेले. मुंबईतील बँक नवे संगणक घेईल. पण जिल्हा परिषदेच्या शाळेने काय करावे? मुक्त प्रणाली वापराव्यात, हे त्यावरचे उत्तर योग्यच आहे. मात्र त्या शिकवणारा आणि सांभाळणारा माणूस नेमावा लागतो, हे त्या उत्तराचे उत्तरार्ध कोणी वाचत नाही.

मुक्त प्रणालीही आपोआप चालत नाहीत. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या तंत्रज्ञाला दूरच्या यंत्रावर प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा केला. तेव्हा आढळले, की माहिती दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ नावाच्या साध्या साधनात कोणा अज्ञाताने चोरदरवाजा बसवला होता. ते साधन एक थकलेला स्वयंसेवक जवळजवळ एकट्याने सांभाळत होता, आणि त्या अज्ञाताने दोनेक वर्षे मदतनीस म्हणून वावरून विश्वास संपादन केला होता. जगातील असंख्य सर्व्हर ज्याच्यावर विसंबून राहतात, ती वस्तू राखणारा हात एकच असावा आणि तोही बिनपगारी, ही स्थिती पाहिल्यावर ग्रामपंचायतीच्या केबलविषयी आश्चर्य वाटेनासे होते.

राहता राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता. हजारो ओळींच्या नोंदींतून संशयास्पद ओळ हुडकण्यास ती उपयोगी पडते, आणि जाळे राखणारा ती वापरूही लागला आहे. खांबावर चढण्याचे काम मात्र अजून त्याच्याकडेच आहे.

या सर्व विचाराला हिंगोलीत एक विशेष निमित्त आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेसर किरण धावणार आणि प्रोटॉनच्या व्यासाच्याही हजारो पटींनी सूक्ष्म अशी हालचाल टिपणार. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रथम टिपली गेली, तेव्हा तीन हजार किलोमीटर अंतरावरील अमेरिकेच्या दोन केंद्रांत ती सुमारे सात सहस्रांश सेकंदाच्या फरकाने पोहोचली होती. त्या फरकावरून दिशा काढावयाची असते. घड्याळे चुकली तर आकाश चुकते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदली गेली, इशारे सुटले, आणि जमिनीवरील व अवकाशातील सुमारे सत्तर वेधशाळांनी आपला रोख तिकडे वळवला. प्रत्यक्ष प्रकाश सापडला तो सुमारे अकरा तासांनी. दूरवरच्या आणखी एका केंद्राने दिशा अधिक नेमकी कळते, म्हणून हिंगोलीचे मोल. पण येथील नोंद पुण्याच्या आयुकात आणि जगभरच्या संशोधकांपर्यंत तत्काळ पोहोचली नाही, तर ते मोल उरणार नाही.

वेधशाळेसाठी दुहेरी वाटा, अखंड वीज आणि चोवीस तास जागी असलेली माणसे यांची योजना करावी लागेल, आणि ती होईलही. कारण तेथे अर्धा सेकंद गमावणे परवडणार नाही हे साऱ्यांना पटलेले आहे. त्याच तालुक्यातील सेवा केंद्रात अर्धा दिवस गमावणे कोणाला परवडत नाही, हे पटवण्यासाठी मात्र अद्याप कोणी लहर टिपलेली नाही. वेधशाळेच्या कुंपणाशी थांबणारी केबल पुढे गावांच्या कड्याला जोडता येईल काय, जिल्ह्यातील तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जाळे राखण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू करता येईल काय, तालुक्यागणिक एका कायम पदाची निर्मिती होईल काय, यावर जिल्हा नियोजन समितीत चर्चा व्हावयास हरकत नाही. वेधशाळा २०३०च्या सुमारास पुरी व्हावी अशी अपेक्षा आहे. आज वसमत किंवा सेनगावच्या शाळेत नववी-दहावीत बसलेला विद्यार्थी तोपर्यंत पदविका घेऊन कामाच्या शोधात असेल.