ग्राहकाची दाद कोठें लागते?

विकत घेतलेलें घड्याळ आठवड्यांत बंद पडलें आणि दुकानदार दाद देईना, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें जिल्हा आयोगाकडे जातां येतें. आयोग प्रथम एवढेंच पाहतो, कीं तक्रारदारानें मोबदला दिला काय, आणि तो स्वतःच्या उपयोगासाठीं दिला काय? पुनर्विक्रीसाठीं माल घेणारा व्यापारी ग्राहक ठरत नाहीं. परंतु स्वतः राबून पोट भरण्यासाठीं शिलाईयंत्र घेणारा शिंपी ठरतो. हा भेद आम्हांस मोठा न्याय्य वाटतो.

डॉक्टरांची सेवा कायद्याखालीं येते, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं ठरविलें. सर्वांवरच विनामूल्य उपचार करणारीं रुग्णालयें मात्र वगळलीं. वकिलांस २०२४ सालीं कायद्याबाहेर ठेविलें.

विद्यार्थ्यांस जवळचा निर्णय २००९ सालचा. बिहारच्या शालान्त परीक्षेंत दोघां मुलांस एकच क्रमांक दिला गेला आणि एकाचा निकालच लागला नाहीं. त्याच्या वडिलांनीं मंडळाविरुद्ध तक्रार केली. खालीं ते जिंकले, सर्वोच्च न्यायालयांत हरले. परीक्षा घेणें हें मंडळाचें कायद्यानें नेमिलेलें कर्तव्य आहे, विक्रीची सेवा नव्हे; म्हणून परीक्षार्थी ग्राहक नव्हे, असा निर्णय झाला. चूक मंडळाची होती, हें ध्यानांत घेतां तो वाचून मन खट्टू होतें.

तक्रार आपण राहतों त्या जिल्ह्यांतही करतां येते. मुदत २ वर्षांची, आणि मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं. पावती मात्र जपावी. आमच्या घरीं प्रथम तीच हरवते.