आत येणे आणि येऊन पोहोचणे

बेळगावजवळच्या येळ्ळूर गावी पाहुणा दाराशी आला म्हणजे "आत येऊ का?" असे विचारतो. वस्तुतः तो बाहेर उभा असतो. त्याच्या दृष्टीने हे 'जाणे' होय. तरीही तो 'येऊ' म्हणतो, कारण घरधन्याच्या जागी स्वतःला कल्पून तो बोलतो. त्या भागातील कानडी घरातून "ओळग बर्री" असा शब्द येतो. त्याचाही अर्थ 'आत या' असाच. भाषा दोन, उंबरठ्यावरची रीत एकच.

मनुष्याने बुद्ध्या रचलेली भाषा हीच क्रिया कशी सांगते? डॉ. झामेनहॉफ यांनी १८८७ साली वॉर्सा येथे एस्पेरांतो भाषेचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या जन्मगावी, बियालिस्तोक येथे, पोलिश, रशियन, जर्मन व यिडिश बोलणारे लोक शेजारी राहूनही परस्परांना परके होते. ते परकेपण सरावे, हा त्यांचा हेतू होता.

एस्पेरांतोत 'ईरी' म्हणजे जाणे व 'वेनी' म्हणजे येणे. 'एन' म्हणजे आत आणि 'अल' म्हणजे कडे. यांच्या संयोगाने 'एनीरी' म्हणजे प्रवेश करणे, 'एन्वेनी' म्हणजे आत येणे आणि 'अल्वेनी' म्हणजे येऊन पोहोचणे, असे शब्द सिद्ध होतात. आपल्या संस्कृत उपसर्गांची येथे आठवण होते. 'बोन्वेनोन' हा त्यांचा स्वागतशब्द तर 'सु' आणि 'आगत' यांच्याच घडणीचा आहे.

परंतु मराठीत साप घरात 'शिरतो' आणि पाहुणा घरात 'येतो'. 'एनीरी' हा शब्द दोघांनाही चालतो. ही छटा व्याकरणकार देऊ शकत नाही. ती पिढ्यांच्या वापराने शब्दावर चढते. म्हणूनच शब्दाशी माणसाचा जीव जडतो. येळ्ळूरच्या वेशीवरील 'महाराष्ट्र राज्य' असे लिहिलेला फलक २०१४ च्या जुलैमध्ये न्यायालयाच्या आदेशाने काढला गेला, तेव्हा गावकऱ्यांनी लाठ्या सोसल्या. गावात येणाऱ्याने प्रथम काय वाचावे, हा प्रश्न त्यांना आपल्या अस्तित्वाचाच वाटला.

झामेनहॉफ यांनी कोणाचीही भाषा टाकावयास सांगितले नाही. आपल्या भाषेशेजारी सर्वांना सामाईक अशी दुसरी असावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वेशीपर्यंत येऊन पोहोचणे हे 'अल्वेनी'. उंबरठा ओलांडण्यासाठी मात्र आतून कोणीतरी 'या' म्हणावे लागते. मग तो शब्द मराठी असो, कानडी असो, वा रचलेला असो.