मागची चाकं सुटली तर काय करायचं?

आजचा विषय स्किडपॅड. म्हणजे एक सपाट, मोकळी जागा, बहुतेकदा पाणी मारून ओली केलेली. ट्रॅफिकचे कोन लावून गोल आखायचा आणि त्याभोवती गाडी फिरवत राहायची.

ओलीच का? पकड कमी असली की गाडी कमी वेगातच घसरते. १५ मीटर त्रिज्येच्या गोलात, ओल्या जमिनीवर, ताशी साधारण ३० किलोमीटरलाच टायर हात टेकतात. मी पडलो इंजिनिअर, म्हणून थोडं गणित: बाजूची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० चे ३३ केले, की ओढ २१ टक्के जास्त!

पुढची चाकं आधी सुटली तर अंडरस्टीअर. गाडी वळायचं सोडून सरळ जाते. मागची सुटली तर ओव्हरस्टीअर; शेपूट बाहेर जातं. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीतही हे होतं बरं का! भर वळणात ॲक्सिलरेटर झटकन सोडला, की वजन पुढे जातं आणि मागची चाकं हलकी होतात.

मग करायचं काय? डावीकडे वळताना शेपूट उजवीकडे गेलं, तर स्टीअरिंगही लगेच उजवीकडे. ब्रेक करकचून दाबायचा नाही. नजर जायचंय तिकडे. पकड परत आली की स्टीअरिंग तितक्याच चटकन सरळ, नाहीतर गाडी उलट्या बाजूला फेकली जाते.

पहिल्या पावसात, निसरड्या घाटात हे आठवत बसायला वेळ नसतो. हातांनाच सवय हवी. म्हणून सराव बंदिस्त ट्रॅकवर, प्रशिक्षकासोबत. रस्त्यावर अजिबात नाही!