इराणचा राजा रंगमंचावर



दरवर्षी २१ मार्चला आपल्या शहरातील पारशी बांधव जमशेदी नवरोज साजरा करतात. ज्याच्या नावाने हा सण ओळखला जातो, तो जमशेद म्हणजे पुराणकथेतील इराणचा राजा. अशा इराणी राजांवर जगात अनेक नाटके झाली आणि त्यांतल्या एका परंपरेचा आपल्या हैदराबादशी व मराठी रंगभूमीशीही संबंध येतो.

सर्वांत जुने उदाहरण ग्रीसचे आहे. इ.स.पूर्व ४८० मध्ये इराणचा राजा झर्क्सिस याने ग्रीसवर स्वारी केली आणि सालामिसच्या समुद्रात त्याचे आरमार हरले. आठ वर्षांनी, इ.स.पूर्व ४७२ मध्ये, एस्किलसने ‘पर्शियन्स’ हे नाटक अथेन्समध्ये सादर केले. आज उपलब्ध असलेल्या ग्रीक नाटकांत ते सर्वांत जुने मानतात. एस्किलस स्वतः मॅरेथॉनच्या रणात इराण्यांशी लढला होता. तरीही त्याने नाटक घडवले ते शत्रूच्या राजवाड्यात. तेथे राजमाता मुलाची वाट पाहते, दरबारी मेलेल्यांची नावे घेऊन रडतात आणि शेवटी फाटक्या वस्त्रांत राजा परततो. शत्रूचे दुःखही समजून घेता येते, हे या नाटकातून शिकावे.

पुढे युरोपात ऑपेरा आला, म्हणजे संवादही गाऊन म्हणायचे नाटक. हँडेलचा ‘सेर्से’ १७३८ मध्ये लंडनला झाला. त्यात हाच झर्क्सिस सुरुवातीला एका झाडाच्या सावलीचे गुणगान करतो. ते झाड म्हणजे आपल्या काश्मीरचा चिनार! तेव्हा पाचच प्रयोग होऊन हा ऑपेरा पडला, पण ते गाणे आज जगभर गायले जाते.

आता मुंबईकडे वळू. तेथे ग्रँट रोडच्या नाटकगृहात १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळीने मराठी खेळ केले. त्याच वर्षी त्याच ठिकाणी पारशी नाटक मंडळीने रुस्तुम-सोहराबची कथा गुजरातीत उभी केली. पुढे कैखुशरो काबराजी यांनी ‘जमशेद’, ‘फरेदून’ अशी नाटके लिहिली. त्यांत झर्क्सिस नव्हता, कारण या कथा फिरदौसीच्या ‘शाहनाम्या’तल्या आणि त्यात झर्क्सिसचे नाव येत नाही. तेथे येतो तो गर्वाने स्वतःला देव म्हणवून राज्य गमावणारा जमशेद आणि लोहार कावाच्या साथीने जुलमी जोहाकला हरवणारा फरेदून.

हळूहळू पारशी कंपन्या उर्दूत खेळ करू लागल्या आणि दौऱ्यांवर निघाल्या. १८७२ मध्ये सर सालारजंग यांच्या निमंत्रणावरून व्हिक्टोरिया नाटक मंडळी हैदराबादला आली होती. पारशी कंपनीचा संगीत खेळ पाहूनच अण्णासाहेब किर्लोस्करांना मराठीत असे नाटक करावेसे वाटले, असे नाट्यइतिहासात सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले.

यातून आपण काय घ्यावे? पारशी समाज इराण सोडून शेकडो वर्षे गुजरातीत बोलत होता. आपल्या राजांच्या कथा त्याने ज्या भाषेत मुले हसतात-रडतात त्या भाषेत रंगमंचावर आणल्या, म्हणून त्या नव्या पिढीपर्यंत पोहोचल्या. आपणही महाराष्ट्रापासून दूर, तेलुगू, उर्दू, हिंदी व इंग्रजीच्या सोबतीने राहतो. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे जी भाषा केवळ घरात बोलली जाते ती किती लवकर मागे पडते, हे मी जाणतो. पाठांतराने जे शब्द तोंडी बसत नाहीत, ते नाटकातल्या भूमिकेमुळे सहज बसतात.

म्हणून पालकांना विनंती की, स्नेहसंमेलनातील मराठी नाटुकलीसाठी मुलांना अवश्य पाठवावे. अभ्यास बुडतो अशी काळजी करू नये. आणि विश्वस्त मंडळाला विनंती की, कार्यक्रम लांबला तरी नाटकाचा वेळ कापू नये. कोणी जमशेद व्हावे, कोणी शिवबा, कोणी लोहार कावा. मात्र बोलावे मराठीत, खणखणीत आवाजात!